दोन काठांमधली फेरीबोट

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तो दिवस पणजीकर आणि बार्देसकर सहसा विसरणार नाहीत. नव्या पुलावरून वाहने धावू लागली ती १९९२ साली. मधल्या काळात ‘पूल होईपर्यंत आपापल्या काठावर स्वस्थ बसा’ असे कोणी लोकांना सांगितले नाही. पणजी-बेतीच्या फेरीबोटी होत्या. पावसापाण्यातून त्या भरभरून वाहिल्या, म्हणून कचेऱ्या चालल्या, शाळा भरल्या आणि रुग्ण इस्पितळात पोचले. फेरीबोट हा पुलाला पर्याय नव्हे, हे खरेच. परंतु तीही नसती तर पूल उभा राहीपर्यंत पलीकडे जाणाऱ्या कितीकांनी प्रवासाचा बेतच सोडून दिला असता. नदीच्या बाबतीत जे शहाणपण आपल्याला सहज सुचते, ते विद्येच्या बाबतीत का सुचू नये, असा प्रश्न आम्हांस पडला आहे.

हा प्रश्न आरोग्यविषयक संशोधनात नुकतेच पाऊल टाकणाऱ्या तरुण-तरुणींचा आहे. पीएच.डी. मिळाली म्हणजे संशोधक तयार झाला, अशी आपल्याकडे समजूत असते. वास्तविक तेथे त्याची उमेदवारी संपते आणि स्वतंत्र काम सुरू होते. त्या कामासाठी त्याला बाहेरच्या एखाद्या संस्थेची अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप, मिळवावी लागते. अर्ज करायचा, तो परीक्षकांकडे जायचा, मग छाननी, मुलाखत, मंजुरीचे पत्र, यजमान संस्थेशी करार आणि शेवटी पहिला हप्ता. या वाटेत सहा महिने सहज जातात, वर्षही जाते. जुन्या प्रकल्पाचे विद्यावेतन मात्र ठरल्या तारखेला बंद होते. ही जी मधली रिकामी जागा, तिच्यासाठी आपल्याकडे कसलीच नेमकी तरतूद नाही. घरभाडे थांबत नाही, किराणा थांबत नाही. थांबतो तो केवळ पगार.

सहा महिन्यांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. माकडताप हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात प्रथम ओळखला गेला. पुढे २०१५ च्या सुमारास तो आपल्या सत्तरीत आला आणि शेजारच्या दोडामार्गातही दिसला. तो गोचिडांमार्फत पसरतो आणि त्याचा जोर साधारणपणे डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. समजा, सत्तरीच्या रानात गोचिडांचे नमुने गोळा करणाऱ्या एखाद्या संशोधिकेचे विद्यावेतन नोव्हेंबरअखेर संपले आणि नवी अधिछात्रवृत्ती जूनमध्ये सुरू झाली. कागदावर खंड पडला सहा महिन्यांचा. प्रत्यक्षात हातचा गेला तो सबंध मोसम, म्हणजे वर्ष. काजूच्या बागांतून तिला वाट दाखवणारी माणसे दुसऱ्या कामाला लागली, गावचा विश्वास सैल झाला आणि नमुन्यांची साखळी तुटली. गोचीड काही मंजुरीच्या पत्राची वाट पाहत नाहीत. दीर्घकाळ रुग्णांचा मागोवा घ्यावयाच्या कोणत्याही अभ्यासाची हीच गत होते. ठरलेल्या महिन्यात न झालेली तपासणी पुढे किती पैसे ओतले तरी भरून निघत नाही.

आता हिशेब पाहू. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या दराप्रमाणे पीएच.डी. करणाऱ्या संशोधकास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढील तीन वर्षे ४२,००० रुपये विद्यावेतन ठरले. पाच वर्षांची ही रक्कम बरोबर २४ लाख रुपये होते. घरभाडे भत्ता, रसायने, उपकरणे आणि मार्गदर्शकाचा वेळ यांचा हिशेब वेगळाच. पीएच.डी. झालेल्या संशोधन सहयोगीचा त्याच वेळी ठरलेला पहिला दर ५८,००० रुपये आहे. सहा महिन्यांचे झाले ३ लाख ४८ हजार. म्हणजे जनतेचे २४ लाख खर्चून जो माणूस आपण घडवला, त्याला साडेतीन लाखांच्या अभावी आपण वाटेवर सोडून देतो. पाच वर्षे शिंपून वाढवलेले माड नारळ धरण्याच्या वेळी पाण्यावाचून टाकणाऱ्या बागायतदारास आपण काय म्हणू?

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. या रिकाम्या महिन्यांची चाळणी गुणवत्तेची नसते, ती ऐपतीची असते. ज्याच्या वडिलांचे घर आहे, पेन्शन आहे, तो वर्षभर बिनपगारी तग धरू शकतो. ज्याच्या पैशांवर गावाकडची चूल पेटते, तो पहिल्या महिन्यातच शिकवणी वर्गात किंवा औषध कंपनीच्या विक्री विभागात दाखल होतो. मुलींचे तर विचारूच नये. तिशीच्या आगेमागे हा खंड येतो. त्याच वयात लग्न, बाळंतपण आणि सासरच्यांचा ‘आता पुरे झाले शिक्षण’ हा धोशा. पगार चालू असताना तिला घरात जो युक्तिवाद करता येतो, तो पगार बंद झाल्यावर करता येत नाही. अशा रीतीने स्पर्धेच्या मुलाखतीपर्यंत कोण पोचणार, हे मुलाखतीपूर्वीच ठरून जाते आणि आपण मात्र निकालाला गुणवत्ता यादी म्हणतो.

हा प्रश्न आजचा नव्हे, आणि त्यावरचा उपायही आपल्याला अपरिचित नाही. १९५८ साली परदेशांतून शिकून आलेल्या शास्त्रज्ञांना व डॉक्टरांना कायम जागा मिळेपर्यंत तात्पुरते काम आणि वेतन मिळावे म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे ‘सायंटिस्ट्स पूल’ ही योजना सोपवण्यात आली होती. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ साठा असा आहे; परंतु मराठी कानाला त्यात नदीवरचा पूल ऐकू यावा, हा योगायोग मोठा बोलका आहे. दारिद्र्याने गांजलेल्या त्या काळच्या देशाला जे परवडले, ते आज परवडत नाही असे म्हणण्याचे धारिष्ट आम्हांस होत नाही.

बाहेरच्या देशांनीही हे ओळखले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००६ साली सुरू केलेल्या एका योजनेत पहिली दोन वर्षांपर्यंतची मदत मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि पुढची तीन वर्षांपर्यंतची मदत स्वतंत्र जागेवर, अशी दोन टप्प्यांची सोय एकाच अर्जात केली गेली. इंग्लंडातील वेलकम ट्रस्टने २०११ पासून काही वर्षे विद्यापीठांना एकत्रित निधी दिला. त्यातून अनेक विद्यापीठांनी अधिछात्रवृत्तीच्या तयारीत असलेल्या तरुण संशोधकांना काही महिन्यांचा आधार देऊ केला. आपल्याकडे त्याच ट्रस्टच्या भागीदारीत केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग २००८ पासून आरोग्य संशोधकांना पाच-पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्त्या देत आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी १,५०० कोटी रुपयांना केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पलीकडचा काठ असा बांधून काढला जात आहे, ही आनंदाची गोष्ट होय. उणीव आहे ती अलीकडच्या काठावरून तेथवर नेणाऱ्या बोटीची.

ही बोट गोव्याने सोडावी, अशी आमची सूचना आहे. आरोग्यविद्येचे गोव्याला वावडे नाही. पणजीतील वैद्यकीय शाळा १८४२ साली स्थापन झाली आणि तिचाच वारसा आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय चालवते. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेचे काम तर जगापुढे गेले. डॉक्टर नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या मदतीने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर उपचार करता येतात, हे गोव्यातील अभ्यासाने दाखवले आणि २०१० साली ‘लॅन्सेट’ने ते छापले. त्या कामामागे डॉ. विक्रम पटेल यांना मिळालेली वेलकम ट्रस्टची अधिछात्रवृत्ती होती. एक अधिछात्रवृत्ती गोव्याच्या आरोग्य केंद्रातून जगाला काय देऊ शकते, याचा हा घरचा दाखला आहे.

राज्य सरकार, गोवा विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून एक छोटा सेतुनिधी उभारावा. दरवर्षी दहा संशोधकांना नऊ महिने ५८,००० रुपयांप्रमाणे आधार द्यायचा झाला, तर विद्यावेतनाचा खर्च ५२ लाख २० हजार रुपये होतो. हजारो कोटींच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही.

अशा निधीचा फुकट्यांना आश्रय होईल, ही शंका रास्त आहे. सार्वजनिक पैसा आहे, तेव्हा अटी हव्यातच. ज्याचा अर्ज प्रत्यक्ष दाखल झाला आहे, अथवा ज्याचा अर्ज मुलाखतीपर्यंत जाऊन थोडक्यात हुकला व जो पुन्हा अर्ज करणार आहे, त्यालाच मदत मिळावी. ती एकदाच मिळावी आणि बारा महिन्यांपलीकडे जाऊ नये. बाळंतपणाची रजा मात्र त्यात धरू नये. निवड समितीत बाहेरचे तज्ज्ञ असावेत, म्हणजे ‘आमचा माणूस’ या रोगाची लागण होणार नाही. या काळात संशोधकाला वर्गावर तास घेण्यास जुंपू नये. अर्ज, नमुने आणि लेखन यांसाठीच तो वेळ राहावा. सर्वांत महत्त्वाची अट सरकारवर असावी: निर्णय एका महिन्यात व्हावा आणि पैसे ठरल्या तारखेस मिळावेत. मधल्या खंडासाठी उभारलेला निधीच खंडाने मिळू लागला, तर तो न उभारलेलाच बरा. यांतील काहींना शेवटी अधिछात्रवृत्ती मिळणार नाही, हे उघड आहे. परंतु ते पैशाअभावी गळले नाहीत, स्पर्धेत हरले, एवढा न्याय तरी त्यांना मिळेल.

रोगाची साथ आली की आपण ‘तज्ज्ञ कोठे आहेत?’ म्हणून विचारतो. तज्ज्ञ साथीच्या दिवशी निर्माण होत नाहीत. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना सहा महिने तगवून धरलेले असते, म्हणून ते त्या दिवशी हजर असतात. पूल बांधणाऱ्यांच्या नावांचे फलक लागतात. मधल्या वर्षांत फेरीबोट चालवणाऱ्यांची नावे कोणी कोरून ठेवत नाही. तरीही पलीकडे पोचलेला प्रत्येक प्रवासी त्यांचा ऋणी असतो. येत्या अंदाजपत्रकात ही बोट पाण्यात उतरावी, एवढीच आमची मागणी आहे.