आजच्यापुरते ओझे

रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग काही केल्या डोळ्याला डोळा लागत नाही. मुलगा परदेशी, गुडघे साथ सोडू लागलेले. 'माझ्या मागे ह्यांना कोण पाहणार' हा प्रश्न अंधारात उशाशी येऊन बसतो. आपण श्रद्धावान ख्रिस्ती असाल तर आणखी एका बोचणीची भर पडते: चिंता करू नका असे प्रभूने सांगितले असता मला ती वाटते, म्हणजे माझा विश्वासच उणा का?

ही बोचणी प्रथम मनातून काढून टाका. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाखरे आणि रानफुले दाखवून येशू जे सांगतो, त्याचा शेवट पाहा. उद्या अडचण येणारच नाही, असे तेथे म्हटलेले नाही. प्रत्येक दिवसाला त्याचा त्रास आहेच, हे मान्य करून आजच्यापुरता तेवढा उचलण्यास सांगितले आहे. एका दिवसाचे ओझे थकल्या पाठीलाही पेलते. दहा वर्षांचे एकदम घेतले की कंबर मोडते.

स्तोत्रसंहितेतील 71वे स्तोत्र तर वृद्धाचीच प्रार्थना आहे. म्हातारपणी, शक्ती सरल्यावर आपण टाकले जाऊ, हे भय तिच्यात लपवलेले नाही; ते देवाच्या कानावर घातले आहे. निजण्यापूर्वी हे स्तोत्र सावकाश वाचा. डोळे अधू असतील तर नातवंडाकडून वाचून घ्या. मग आपली चिंता नेमक्या शब्दांत देवाला सांगा. 'माझे पुढे कसे होणार' असे नव्हे, तर 'मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला सोबत कोण येईल' असे. मोघम भीतीला अंत नसतो. नेमक्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा शेजारच्याच घरात सापडते.

विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. योहान सांगतो, की क्रुसावरील वेदनांतही येशूने आपल्या आईची पुढची सोय लावली. तिला प्रिय शिष्याच्या हवाली केले आणि त्याने तिला आपल्या घरी नेले. तेव्हा मृत्युपत्र करणे, बँकेतील नामनिर्देशन तपासणे, औषधांची यादी लिहून ठेवणे यांत अविश्वास कसला? 'अभद्र बोलू नका' म्हणून घरोघरी हा विषय टाळला जातो. माझ्या मते, दिवसा टाळल्यामुळेच तो रात्री छळतो.

पंडिता रमाबाईंचे अखेरचे वर्ष आठवावे. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे कन्या मनोरमा वाहील, अशी आशा होती. 1921 मध्ये मनोरमाच निवर्तली. रमाबाईंना ऐकूही कमी येऊ लागले होते. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. ते पुरे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. जगणेच नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नका. औषध घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. पौलाच्या सोबतीलाही लूक हा वैद्य होता.

आता शुश्रूषा करणाऱ्यांशी दोन शब्द. आजीने तीच भीती तिसऱ्यांदा बोलून दाखवली की 'देवावर विश्वास ठेवा' म्हणून विषय मिटवू नका. तिला ते दटावल्यासारखे लागते. जवळ बसा, हात हातात घ्या, ऐका, आणि मग दोघे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा. चर्चला जाणे होत नसेल, तर पाळकांना किंवा फादरांना घरी येण्याची विनंती करा. आणि हो, त्यांच्याकडे स्वतःसाठीही काही मागा: आठवड्यातून एक दुपार मंडळीतील कोणी आजीपाशी बसावे, म्हणजे तेवढा वेळ आपल्याला निवांत झोपता येईल.