बायोसच्या कुलुपाचा मागोवा
१९८१ च्या आयबीएम पीसीत संगणक सुरू करणारा बायोस हा प्रोग्रॅम रॉम चिपमध्ये कायमचा भरलेला असे. पुढे ईप्रॉम आले; त्यातले जुने पुसायचे तर चिप उपसून तिच्या पारदर्शक खिडकीवर अतिनील प्रकाश पाडावा लागे. वेगळ्या कुलुपाची तेव्हा गरजच नव्हती.

नव्वदच्या दशकात फ्लॅश चिप रुळली आणि बायोस फ्लॉपीवरून बदलता येऊ लागला. अनेक मदरबोर्डांवर लेखनबंदीचा जंपर होता, पण तो वापरला जाईच असे नाही. २६ एप्रिल १९९९ ला चेन इंग-हाऊ या तैवानी तरुणाचा सीआयएच विषाणू जागा झाला आणि बंदी नसलेल्या कित्येक बोर्डांचा बायोस त्याने उडवला.

मग कुलूप चिपसेटमध्ये गेले. लेखनाची परवानगी देणारा बिट कुणी चालू केला, की फर्मवेअर तो लगेच बंद करी. या दोन क्षणांमधली फट २०१४ मध्ये उघड झाली : प्रोसेसरचा एक गाभा बिट चालू करत राहतो, दुसरा तेवढ्यात लिहून घेतो. ही फट बुजवणारी सोय इंटेलने आधीच दिली होती. ती न वापरणे हा निर्मात्यांचा निष्काळजीपणाच. २०१८ मध्ये सापडलेल्या लोजॅक्स या मालवेअरने हीच फट वापरली. त्यामानाने जुन्या क्रोमबुकमधला लेखनबंदीचा स्क्रू उत्तम : मालकाला काढता येतो, दूरच्या चोराला नाही.

दुरुस्तीत या सगळ्याला वळसा घालणारी वाट म्हणजे सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि आठ पायांच्या चिपला धरणारी क्लिप. चिपशी थेट बोलणे होत असल्याने चिपसेटचे कुलूप आड येत नाही. सिन्नरच्या माळेगाव-मुसळगाव औद्योगिक वसाहतींसारख्या ठिकाणी यंत्राला जोडलेला जुना संगणक बंद पडला, तर बोर्ड वाचवण्याची ही स्वस्त वाट मोलाची ठरते. मात्र बॅटरी आणि अडॅप्टर आधी काढायचे, चिपमधला मजकूर दोनदा वाचून ताडायचा आणि ती प्रत जपायची; अनुक्रमांक आणि विंडोजची किल्ली बहुधा त्यातच असते. १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट दिले तर ती जळू शकते.

२०१३ पासून इंटेलच्या बूट गार्डने क्लिपलाही मर्यादा घातली. निर्मात्याच्या किल्लीची खूण चिपसेटमध्ये कायमची जाळलेली असते आणि सुरू होताना बायोसची सही तिच्या आधारे तपासली जाते. जिथे ही तपासणी सक्तीची आहे, तिथे सही न जुळणारा बायोस चिपमध्ये लिहिता येतो, पण संगणक त्यावर सुरू होत नाही.