दुसरी रॅम लावून बघ

डिसेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात मायक्रॉन कंपनीने जाहीर केलं, की ‘क्रुशल’ या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना रॅम आणि एसएसडी विकणं आपण बंद करणार. फेब्रुवारी 2026पर्यंत दुकानांना माल, मग पूर्णविराम. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे आणि ती आधी त्या मोठ्या गिऱ्हाइकांना द्यायची आहे, हे कारणही सरळ सांगितलं. 29 वर्षांचा व्यवहार असा संपला.

बातमी मला लागली, कारण त्याच सुमारास भाच्याचा गेमिंग पीसी झटके खात होता. गेम मध्येच अडकायचा, आणि दिवसातून दोनतीनदा निळा पडदा दाखवून सगळंच बंद पडायचं. मी फोनवर सवयीने म्हणालो, “दुसरी रॅम लावून बघ.” तो म्हणाला, “मामा, रॅमचे भाव बघितलेस का? नुसतं लावून बघायला कोण विकत घेईल?”

‘दुसरी रॅम लावून बघ’ या चार शब्दांत माझ्या पिढीची अर्धी विद्या होती.

मला आठवतात ती 2003 ते 2012 ही वर्षं आणि पुण्याची तपकीर गल्ली. बहुतेकांचे पीसी असेंबल केलेले असायचे, सुटे भाग गल्लीत मिळायचे आणि बिघाडही गल्लीतच निघायचा.

त्या काळातला एक राग अजून गेलेला नाही. काहीही झालं तरी “फॉरमॅट मारावा लागेल” म्हणणारे दुकानदार. गेम अडकतोय, फॉरमॅट. रीस्टार्ट होतोय, फॉरमॅट. प्रत्येक वेळी पैसे घ्यायचे. वाईट म्हणजे काही वेळा त्याने खरंच बरं वाटायचं, महिनाभर. त्यामागचं एक कारण मला फार उशिरा कळलं. हार्ड डिस्कच्या केबलमधून डेटा जाताना सहा चुका झाल्या, की विंडोज एक्सपी डीएमए ही वेगवान पद्धत सोडून पीआयओ या जुन्या संथ पद्धतीवर यायचं. मग डिस्कमधून काही वाचायचं म्हटलं की प्रोसेसर त्यातच अडकायचा आणि गेम थबकायचा. फॉरमॅट केल्यावर चुकांची मोजणी शून्यावर यायची, सदोष केबल मात्र तशीच राहायची. थोड्याच रुपयांची केबल बदलायची सोडून मुलांचे सेव्ह केलेले गेम, कॉलेजच्या फायली, घरातले फोटो पुसले गेले.

त्याच गल्लीत एका जिन्याखाली एका काकांचं छोटं दुकान होतं. 2006 साली माझा पीसी ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ खेळताना पोलीस मागे लागले की रीस्टार्ट व्हायचा. दोन फॉरमॅट झाले होते. काकांनी कॅबिनेट उघडलं, मल्टिमीटरची काळी पिन कनेक्टरच्या काळ्या वायरीत घातली, लाल पिन पिवळ्या वायरीत आणि म्हणाले, “आता खेळ.” डेस्कटॉपवर आकडा 11.9 होता. गेममध्ये गाड्यांची गर्दी झाली तसा तो 11.5, 11.3 असा उतरला आणि पडदा काळा झाला. “बारा व्होल्टला पाच टक्के सूट असते. 11.4च्या खाली गेलं की खेळ खलास.” मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, काढून माझ्या हातात दिला. लेबलवर 450 वॅट लिहिलेलं, वजन मात्र नावाला. “आत माल असता तर जड लागला असता, बाळा.” दुसरा एसएमपीएस लावला आणि पीसी पुन्हा कधी रीस्टार्ट झाला नाही.

फुगलेले कपॅसिटरही त्यांनीच दाखवले. खराब रसायन भरलेल्या कपॅसिटरांनी त्या दशकात जगभरचे मदरबोर्ड मारले. डोकं सपाट हवं. टम्म फुगलेलं किंवा तपकिरी डाग पडलेलं दिसलं, की तो बदलायचा. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसून पुन्हा बसवायचे. आणि त्यांचा एकच कायदा होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही.

2011 साली ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी तोच काटेकोरपणा मोजमापात आणला. तोवर सगळे सेकंदाला सरासरी किती फ्रेम एवढंच छापायचे. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद. मध्येच एक फ्रेम 100 मिलिसेकंद रेंगाळली, तरी सरासरी 55 दिसते, पण डोळ्याला खडा लागतो. वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजला, आणि “गेम अडकतो” या तक्रारीला पुरावा मिळाला.

पुढची वर्षं एसएसडीच्या कृपेने सुरळीत गेली. आता बिघाड परत आले आहेत, पण बरेचसे आपल्या हाताबाहेरचे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांचं उदाहरण घ्या. गेम बंद पडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा, म्हणून लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिले. दोष प्रोसेसरात होता. त्याला जास्त व्होल्टेज मिळत होतं. ऑगस्ट 2024मध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण खात्री करून घ्यायची तर हाताशी दुसरा प्रोसेसर हवा, आणि तो किती घरांत असतो? 2023चा ‘जेडाय: सर्व्हायव्हर’ तर महागड्या पीसीवरही अडकायचा. असा गेम कंपनीच्या पॅचशिवाय सुधारत नाही.

भाच्याला मी विचारलं, “रॅमच्या दोन पट्ट्या आहेत ना? एक काढ.” रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली. पहिली पट्टी स्वच्छ, दुसरीवर लाल ओळींची रांग. ती वॉरंटीत पाठवली आणि निळा पडदा थांबला. एक गेम अजून अडकतो, पण नवीन जागी पहिल्यांदा गेल्यावरच. त्याच जागी परत गेलं की सुरळीत चालतो. म्हणजे ते शेडर, म्हणजे चित्र काढणारे छोटे प्रोग्राम, तयार होण्याचे झटके आहेत, आणि त्यासाठी पीसीवर एक रुपयाही खर्च करायचा नाही, हे त्याला आता कळलं आहे.

काकांचं दुकान 2019 साली बंद झालं. सुटे भाग स्वस्त होते, हाताशी होते, म्हणून ती विद्या गल्लीत राहिली. भाग महागले की आधी हीच विद्या जाते, आणि मग दुकानदार सांगेल तेच खरं मानावं लागतं. म्हणून विनंती आहे: घरात चालू रॅमची पट्टी, जुना एसएमपीएस पडून असेल तर भंगारात देऊ नका. ज्याच्या पीसीला बसेल त्याला चार दिवस वापरायला द्या. आणि देताना काकांचा कायदाही सांगा.