अंगठ्याचे हाड आणि शेतीकाम

कपाशीची डवरणी, निंदण, फवारणी व वेचणी ही कामे पायांच्या बळावरच होतात. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे सांगावयास नको. परंतु पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाडाचा उंचवटा येऊन बूट बोचू लागला, की पुष्कळजण अनवाणीच शेतात जातात. हे घातक आहे. फवारणीचे औषध कातडीतूनही अंगात भिनते. २०१७ साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस माणसे दगावली. सर्पदंशाचे भय तर नेहमीचेच.

हा उंचवटा म्हणजे नवे फुटलेले हाड नव्हे. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो व त्याच्या बुडाचा सांधा विरुद्ध बाजूस पुढे येतो. ही ठेवण पुष्कळदा आनुवंशिक असते. चिंचोळ्या बुटाने त्रास वाढतो.

म्हणून बूट टाकू नये, बदलावा. सायंकाळी पाय किंचित फुगलेले असताना कागदावर उभे राहून पावलाची आकृती काढावी. बुटाचा तळवा तिच्याहून अरुंद नसावा. उंचवट्याभोवती मऊ कापडाची गादी ठेवावी. काम संपल्यावर गार पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. याने दुखणे कमी होते. अंगठा सरळ होत नाही, तो शस्त्रक्रियेनेच होतो. बिब्बा लावू नये, कातडी भाजते.

अंगठा एकाएकी लाल व गरम झाल्यास, किंवा मधुमेही व्यक्तीच्या पायास जखम झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र त्वरित गाठावे. गावकार्यकर्त्यांनी फवारणीपूर्वी प्रत्येकाच्या पायातील बूट अवश्य पाहावा.