सुट्टीच्या बेतात दडलेली इंग्रजी

‘व्हॉट आर यू डूइंग धिस समर?’
‘वी आर गोइंग टू गुहागर.’

किती साधा संवाद! पण प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत मेंदू जे करून जातो, त्याने थक्क व्हायला होतं. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह जगभरच्या दहा भाषांतल्या गप्पा तपासल्या. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी जेमतेम ०.२ सेकंद निघालं. एरवी चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायलाही सुमारे ०.६ सेकंद लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच आपलं उत्तर आत जुळू लागलेलं असतं. ऐकणं आणि बोलण्याची तयारी, दोन्ही एकाच वेळी!

मातृभाषेत हे नकळत होतं. परक्या भाषेत मात्र तेवढ्यात काय बोलायचं ते सुचायला हवं, शब्द आठवायला हवेत, क्रियापद नीट बसायला हवं. सुट्टीचा विषय यातलं पहिलं ओझं उतरवतो. कुठे जायचं, कोणाबरोबर, एसटीने की रेल्वेने, किती दिवस, हे सगळं आपल्याला पाठच असतं. उरलेलं सारं लक्ष भाषेला देता येतं.

आणि इथेच खरी गंमत आहे. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्ययच नाही! तरी बेत किती पक्का आहे, हे ती भाषा बारकाईने सांगते. तिकिटं काढून झाली असतील तर चक्क वर्तमानकाळ: ‘वी आर लीव्हिंग ऑन मंडे.’ मनाशी ठरवलेलं असेल तर ‘आय ॲम गोइंग टू लर्न स्विमिंग.’ बोलता बोलता ठरलं तर ‘ओके, आय विल कम टू!’ आता आपली मराठी ऐका: ‘आम्ही सोमवारी निघतोय’, ‘मी पोहायला शिकणार आहे’, ‘बरं, मीही येईन’. या जोड्या प्रत्येक वेळी तंतोतंत जुळतील असं नाही. पण अशा छटा ओळखणारा कान मराठी माणसाकडे आधीपासून आहे.

मग आपण अडतो कुठे? कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांकडे पाहून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली याचं एक उत्तर मांडलं. त्या मुलांना फ्रेंच छान समजायची, पण बोलण्यात ती मागे पडायची. नेमकं बोलून दाखवण्याची पाळीच त्यांच्यावर फारशी येत नव्हती. आपल्याला काय येत नाही, हे बोलताना अडल्यावरच स्वच्छ दिसतं, आणि शिकणं तिथूनच पुढे सरकतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते. शब्द पुष्कळांकडे आहेत, त्यांना तोंडात येण्याची संधी हवी. म्हणून या उन्हाळ्यात घरातल्या, शेजारच्या कोणालातरी हा एकच प्रश्न इंग्रजीत विचारा. उत्तर आलं की थांबू नका, ‘हू विथ?’, ‘हाऊ लाँग?’ असं पुढे विचारत राहा. कळलं नाही तर ‘सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?’ म्हणा. चुका होतील, त्या होऊ द्या, पण बोला.