सिंधुदुर्गाच्या तटाखालचे जग



मी राहते ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये. समुद्र येथून शेकडो मैल दूर. आमच्या मुलांना पाणी म्हटले की सांक नदीवरचा तिघरा जलाशय आठवतो आणि उन्हाळ्यात तर नळाची वेळ आठवते. अशा गावातील एका शिक्षिकेने समुद्रात पोहताना मासे कोठे पाहावेत, हे सांगावयास बसावे यात थोडे धाडसच आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीची कितीतरी मराठी कुटुंबे नाताळच्या सुट्टीत मालवणला जाऊन आली, आणि परत आल्यावर त्यांनी दाखविलेली छायाचित्रे पाहून आम्हीही गेलो. तेथे जे पाहिले, जे शिकले आणि जी एक चूक माझ्या हातून, किंबहुना पायातून, घडली तिच्याविषयी आज बोलणार आहे.

ज्या क्रीडेला स्नॉर्केलिंग म्हणतात ती वस्तुतः फार साधी आहे. डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात एक वाकडी नळी, अंगात लाइफ जॅकेट. एवढ्या साहित्यानिशी पाण्यावर पालथे तरंगायचे, चेहरा पाण्यात बुडवायचा आणि खाली पाहत राहायचे. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जाण्याचा स्कूबा डायव्हिंग हा प्रकार निराळा. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पृष्ठभाग सोडीत नाही.

ही कल्पना अतिशय जुनी आहे. नळीने श्वास घेणाऱ्या पाणबुड्यांचा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला असून, त्याने त्यांची तुलना सोंड वर काढून नदी ओलांडणाऱ्या हत्तीशी केली आहे. मग आपण दोन मीटर लांबीची नळी घेऊन अधिक खोल का जाऊ नये, असा प्रश्न वर्गातील एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो. त्याचे उत्तर गणितात आहे. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅमने वाढतो. छातीचा भाग तीस सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद धरला, तर तिच्यावर नव्वद किलोंचे ओझे पडले. नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागावरील साध्या दाबाचीच असते. ते ओझे उचलून छाती फुगविणे स्नायूंना जमत नाही. शिवाय नळी जितकी लांब, तितकी आपणच सोडलेली दूषित हवा पुन्हा आत येते. म्हणून स्नॉर्केलची नळी जेमतेम हातभर असते.

मास्कचेही तसेच. पाण्यात उघड्या डोळ्यांनी सारे अंधुक दिसते, कारण डोळ्याच्या बुबुळाला प्रकाश वळविण्यासाठी समोर हवा लागते. मास्क ती हवा पुरवितो. मात्र काचेतून येताना प्रकाश वळतो आणि वस्तू आहे त्याहून सुमारे एक-तृतीयांशाने मोठी व जवळ आल्यासारखी भासते. “केवढा मोठा मासा पाहिला!” असे सांगणारा प्रवासी खोटे बोलत नसतो; प्रकाशाने त्याला फसविलेले असते.

आता जावे कोठे? कॅरिबियन समुद्रातील बेटांची नावे आपण चित्रांत वाचतो. तेथील सेंट जॉन बेटावर, ट्रंक बे येथे, नवख्यांसाठी पाण्याखाली माहितीच्या पाट्या बसविलेला मार्गच आहे. बेलिझ देशातील हॉल चान हे राखीव क्षेत्र १९८७ साली स्थापन झाले. आणि त्याच वर्षी, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे पाण्यात बुडालेले खडक हा त्याचा गाभा.

सिंधुदुर्गाची पायाभरणी शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर केली आणि १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला, हे शाळेत आपण शिकवितो. ज्या खडकांनी परक्या गलबतांना किनाऱ्याजवळ येऊ दिले नाही, त्याच खडकांवर आज प्रवाळ वाढते. लाट तटावर व खडकांवर फुटते आणि आडोशाला तुलनेने शांत, उथळ पाणी राहते. स्नॉर्केलिंगच्या होड्या येथेच येतात. नवख्या माणसास महाराष्ट्रात याहून सोयीची जागा नाही.

मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली आहे. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा शिकविणारी संस्था आहे. ज्यांना नुसते तरंगण्यापलीकडे काही शिकावयाचे असेल त्यांनी तेथे चौकशी करावी. आणखी पुढे देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते. स्थळ रमणीय खरे. परंतु नदीमुखाशी गाळ येतो, त्यामुळे पाण्याखालचे पाहण्यास ते योग्य नव्हे. निवतीच्या समोरचे वेंगुर्ला रॉक्स उघड्या समुद्रात आहेत. तेथील लाटा व प्रवाह सराईतांसाठी. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचे विस्तीर्ण प्रवाळक्षेत्र आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे हे स्थळ ऐकूनच ऊर भरून येतो. परंतु त्याचा माथाही पाण्याखाली सुमारे वीस मीटर असल्याने नळी लावून तेथे काही दिसणार नाही. महाराष्ट्राबाहेर जावयाचे तर गोव्याचे ग्रँड आयलंड आणि कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी जवळची. अंदमानात वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून आहे. लक्षद्वीपचे पाणी स्वच्छ म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र तेथे प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो.

ग्वाल्हेरकरांच्या सोयीसाठी सांगते. दिल्लीहून निघणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आपल्या स्थानकावरून थेट कोकणात जाते. मालवणला सर्वांत सोयीचे स्थानक कुडाळ. तेथून मालवण सुमारे तीस किलोमीटर. आपली गाडी तेथे थांबते की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्यावे.

केव्हा जावे, हा प्रश्न कोठे जावे याइतकाच महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात, साधारणतः मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, प्रवासी होड्या व जलक्रीडा बंद असतात आणि ते योग्यच आहे. पाऊस संपल्यावरही नद्यांचा गाळ खाली बसण्यास अवधी लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही तिथी पाहावी! हे ज्योतिष नव्हे. अमावास्या आणि पौर्णिमेस उधाणाची भरती येते, प्रवाहाला जोर असतो आणि तळ ढवळून पाणी गढूळ होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी संथ आणि नितळ. आणि वेळ सकाळची घ्यावी. खारे वारे व मतलई वारे हा पाठ आपण सर्वांनी पाठ केला आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाणी शांत ठेवतो. दुपारी खारा वारा सुरू झाला की किनाऱ्याशी लाटा उठतात. पुस्तकातला तो पाठ इतक्या वर्षांनी मला होडीत बसल्यावर खऱ्या अर्थाने समजला.

आता माझ्या चुकीकडे येते. मी मूळची वसईकडची. पण वसईचा समुद्र गढूळ, आणि पोहणे मला विहिरीपुरतेच ठाऊक. किल्ल्याच्या आडोशाला होडी थांबली. माझी बारा वर्षांची मुलगी आधी उतरली आणि क्षणात पाण्यावर पसरली. मीही उतरले. चेहरा पाण्यात घातला आणि खाली पिवळे-काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा दिसला. तपकिरी सारगॅसमची झुडपे एका लयीत डुलत होती. त्यांच्यामधून एक लठ्ठ गोबरा तोंड वासून माझ्याकडे पाहत होता. इतक्यात नळीत पाणी शिरले. मी घाबरले, हातपाय झाडू लागले. सोबतच्या तरुण पोऱ्याने माझा दंड धरून सांगितले, “बाई, घाबरू नकात, खडपार पाय ठेवा.” मी पाय ठेवला. पायाखाली काहीतरी कुरकुरले आणि मोडले.

होडीतून म्हातारा तांडेल ओरडला, “अरे, तां खडप नाय! तां जिता आसा!”

ते प्रवाळ होते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. मोहरीएवढ्या ते मटाराएवढ्या असंख्य प्राण्यांची ती वसाहत असते. प्रत्येक प्राणी आपल्या तळाशी चुन्याचे घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याचाच. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. माझ्या पायाखाली हाताच्या पंजाएवढा तुकडा मोडला. म्हणजे माझ्या मुलीच्या जन्मापूर्वीपासून वाढत आलेले घर मी एका क्षणात मोडले होते.

त्या पोऱ्याला मी दोष देत नाही. त्याला माझा जीव महत्त्वाचा वाटला, आणि त्याला कोणी शिकविले नसेल तर त्याने काय करावे? दोष देणे सोपे आहे. १९८७ साली अभयारण्य घोषित झाले तेव्हा आपली रापण, आपली जाळी बंद पडतील या भीतीने येथील मच्छीमारांनी त्यास विरोध केला, आणि ती भीती पोटाची होती. आज त्यांच्यातलीच कितीतरी कुटुंबे पर्यटकांना घरी उतरवून आणि होडीतून नेऊन चार पैसे मिळवितात. म्हणजे प्रवाळ जिवंत राहण्यात आता त्यांचेही हित आहे. परंतु होडी जितकी अधिक, तितके नांगर अधिक आणि तितके पायही अधिक. ज्याच्यावर पोट चालते तेच पायाखाली तुडवले जात आहे, हा खरा पेच आहे.

त्यात समुद्र तापतो आहे. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्यातील कमालीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशानेही काही आठवडे वाढले, तर प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. तापमान लवकर उतरले तर ते सावरते. नाहीतर उपासमारीने मरते. १९९८ साली हिंदी महासागरात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथ्या विरंजनाची घोषणा केली. समुद्राचे तापमान तुमच्या-माझ्या एका सुट्टीने उतरणार नाही. पण आजारी माणसाच्या अंगावर पाय न देणे एवढे तर आपल्या हाती आहे.

म्हणून जाणाऱ्यांस काही सूचना. पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्याजवळ, कमरेइतक्या पाण्यात, मास्क व नळीचा सराव करावा. नळीत पाणी शिरले तर घाबरून उभे राहू नये. जोराने ‘टू’ असा फुंकर मारावा, पाणी बाहेर फेकले जाते. हे मला आधी कोणी शिकविले असते, तर आजचे हे भाषण निराळे झाले असते. दमल्यास पाठीवर उताणे तरंगावे; लाइफ जॅकेट त्यासाठीच आहे, ते काढू नये. एकट्याने जाऊ नये. श्वास रोखून बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेण्याची मुलांना हौस असते. ती घातक आहे, कारण त्यामुळे श्वासाची निकड जाणवत नाही आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते. हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

होडी ठरविताना दराबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: नांगर कोठे टाकता, आणि माशांना पाव घालता काय? छायाचित्रासाठी पावाचा तुकडा टाकून मासे गोळा करण्याची पद्धत दिसते. ती नको म्हणून सांगावे. मासे पावावर जगत नाहीत. अंगाला मलम फासण्याऐवजी लांब बाह्यांचा कपडा घालावा. मलमांतील काही द्रव्ये प्रवाळास अपायकारक ठरू शकतात, म्हणून हवाई बेटांनी २०२१ पासून त्यांपैकी दोहोंच्या विक्रीस बंदी केली आहे. आणि प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, आठवण म्हणून आणू नये. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रवाळाचा समावेश आहे. म्हणजे कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीस बसविले आहे.

सुट्टी संपवून शाळेत परतले तेव्हा मुलांनी विचारले, समुद्रातून आमच्यासाठी काय आणले? मी फळ्यावर प्रवाळाची आकृती काढली आणि मोडलेल्या तुकड्याची गोष्ट सांगितली. शिक्षिकेने आपली चूक वर्गात सांगावी काय, याचा मी आदल्या रात्री बराच विचार केला होता. मुले गप्प बसून ऐकत होती. शेवटी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “तो तुकडा परत जोडता येत नाही का?” काही ठिकाणी शास्त्रज्ञ तसे प्रयत्न करतात, असे मी तिला सांगितले. मालवणचा माझा तुकडा मात्र तळाशी वाळूत तसाच पडला आहे.

पुढल्या नाताळात आम्ही पुन्हा जाणार आहोत. तोपर्यंत मुलीबरोबर ग्वाल्हेरच्या तरणतलावात मी तरंगण्याचा आणि फुंकर मारण्याचा सराव करीत आहे.