रेंज भेटते, रेंज बदलते!

"साहेब रेंजमध्ये गेलेत, म्हणून फोन रेंजमध्ये नाही." गडचिरोलीच्या वन कार्यालयात असं वाक्य ऐकू आलं, तर दचकू नका. ते अगदी बरोबर आहे. पहिली रेंज वनखात्याची, दुसरी मोबाईलची. चंद्रपूर-गडचिरोलीत या एका इंग्रजी शब्दाने जेवढे संसार थाटलेत, तेवढे मुंबई-पुण्यात सापडायचे नाहीत.

कोणती रेंज, ते शेजारचं क्रियापद सांगतं. मोबाईलची रेंज येते, जाते, पकडते. उरलेल्या महाराष्ट्रात ती मिळते, आपल्याकडे मात्र भेटते. "रेंजच नाही भेटून राहिली ना!" जणू ती कुठे गावाला गेलीय. वनखात्याची रेंज येत-जात नाही. तिथे माणसं येतात-जातात. रेंज बदलते म्हणजे बदली होते, रेंज सांभाळतात, रेंजला आग लागते. चंद्रपूरच्या गोलबाजारात साडी घ्यायला गेलात, तर तीच रेंज खिशात बसते किंवा बाहेर जाते.

कागदावर 'वनपरिक्षेत्र अधिकारी', तोंडी 'रेंजर साहेब' नाहीतर 'रेंजर मॅडम'. हा रेंजर फार जुना. इंग्लंडात राजाच्या जंगलाचा राखणदार म्हणून तो चौदाव्या शतकापासून आहे. रेंजच्या पोटात राउंड, राउंडच्या पोटात बीट, बीटमध्ये नंबर घातलेले कंपार्टमेंट. परिमंडळ, नियतक्षेत्र, कक्ष हे सरकारी शब्द फलकावर छान दिसतात, पण वणव्याच्या धावपळीत ओरडायला 'बीट'च सोपा.

ताडोब्यात एक 'कोळसा रेंज' आहे. चंद्रपूर म्हणजे खाणी, त्यामुळे पाहुण्याला वाटतं इथेही खाणच असणार. प्रत्यक्षात तिथे दाट जंगल आणि वाघ!

वाघाचीही आपली 'होम रेंज' असते. नराची मोठी, मादीची लहान. एका नराच्या हद्दीत बहुधा दोन-तीन माद्यांच्या हद्दी येतात. वनखात्याच्या रेंजची सीमा वाघ पाळत नाही, म्हणून एकाच वाघाची नोंद दोन-दोन रेंजच्या वह्यांत सापडू शकते.

पोलिसांची रेंज आणखी वेगळी: गडचिरोली परिक्षेत्रात गडचिरोली आणि गोंदिया, तर चंद्रपूर नागपूर परिक्षेत्रात. १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात नांदलेली ही दोन भावंडं इथे वेगवेगळ्या रेंजमध्ये पडली.

डोंगराला मात्र आपण कधी रेंज म्हटलं नाही. भामरागडची डोंगररांग ती रांगच, आणि ती तशीच राहू द्या.

उन्हाळ्यात जंगलात धूर दिसला, तर जिथे रेंज भेटेल तिथून वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री नंबरवर फोन करा. पहिल्याच वाक्यात रेंजचं नाव सांगा. बीट ठाऊक असेल तर तेही.